टेपबाईंचा घेवडा

आमच्या गल्लीत माझ्या सासूबाईंना सगळे टेपबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. माप घ्यायची टेप सकाळी आंघोळ झाल्यावर एकदा गळ्यात पडली की झोपतानाच निघते. बाजारात जातानासुद्धा ती गळ्यात असते. एकदा भाजीवाला म्हणाला, "बघा बाई, हातभर दुधी आहे." यांनी तिथल्या तिथे टेप लावली आणि "साडेबारा इंच" असं सांगून पुढे गेल्या. त्या दिवसापासून तो भाजीवाला त्यांच्याशी फार जपून बोलतो.

चाळीस वर्षं त्या शिवतायत. शाळेचे गणवेश, कोट, पडदे, उशांचे अभ्रे, काय म्हणाल ते. कापड हाताला लागलं की त्याचं पाणी ओळखतात आणि माणसाचं तर नजरेनेच. मी लग्नाचं विचारायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की घराणं विचारलं नाही. मी उंबऱ्याच्या बाहेरच होतो. त्या म्हणाल्या, "डावा खांदा उतरलाय तुमचा. पाऊण इंच."

मी वाचनालयात कारकून आहे. पुस्तकांची पिशवी पंधरा वर्षं डाव्या खांद्यावर वागवली, त्याचा तो परिणाम. लग्नात त्यांनी मला कोट शिवून दिला. काय कोट होता! शिवण शोधून सापडत नव्हती. पण डाव्या खांद्यात त्यांनी भराव घातला नव्हता, त्यामुळे माझा खांदा होता तसाच दिसायचा. मी घाबरत घाबरत विचारलं, तर म्हणाल्या, "भराव काय, कधीही घालता येतो. आधी माणूस कसा निघतो ते बघू."

हे त्या हसत म्हणाल्या की मनापासून, हे मला तेव्हा कळलं नाही. लग्नानंतर मी त्यांच्याच घरी राहायला गेलो, कारण माझ्या बायकोच्या नोकरीचं इस्पितळ तिथून जवळ होतं आणि माझी खोली फार लहान होती. घरजावई हा शब्द मी स्वतःच आधी वापरून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला त्यात मजा येत नाही.

घर असं: पुढे दुकान, त्यात शिलाई मशीन, कापायचं मोठं टेबल, इस्त्रीचं टेबल आणि रस्त्याकडे तोंड करून एक काचेचं शोकेस. मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. आणि सगळ्याच्या मागे परसबाग, अठरा फूट बाय अकरा फूट. हे माप अर्थात त्यांचंच. त्या अकरा फुटांत गल्लीतल्या पाच घरांना पुरेल एवढी भाजी निघते. त्यातही घेवडा. त्याचे दाणे तपकिरी, वर काळसर रेघा. तसा घेवडा बाजारात मिळत नाही. मी शोधला आहे, आणि का शोधावा लागला तेच सांगायचं आहे.

थंडी सरत आली होती. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायची, पण दुपारी मागच्या भिंतीला पाठ लावून बसलं की बरं वाटायचं. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. बायको कामावर गेली होती, सासूबाई शाळेत मापं घ्यायला गेल्या होत्या. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि या घरात आपण एखादं काम न सांगता करून दाखवावं अशी मला फार दिवसांची हौस होती. घरातले सगळे लोकरी कपडे धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायचे, असं मी ठरवलं. स्वेटर, शाली, मफलर सगळं कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेलं. दुकानात दाराच्या मागे खुंटीला माझ्या सासऱ्यांचा जुना राखाडी कोट होता. सासरे जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. कोटावर धूळ होती. काठाला हात लावला तर आत गाठी गाठी लागल्या. डांबराच्या गोळ्या शिवून ठेवल्या असतील, असं मी समजलो आणि सासूबाईंच्या हुशारीचं मनात कौतुक केलं. मग तोही कोट मशीनमध्ये टाकला.

दुपारी त्या आल्या तेव्हा मी दोरीपाशी उभा होतो, शाबासकीच्या तयारीने. त्यांनी दोरीवरचा कोट पाहिला. हातातली पिशवी खाली ठेवली. कोटाचा काठ दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला.

"किती वेळ होता पाण्यात?"

"पाऊण तास. आणि दोन तास झाले वाळतोय."

"पाणी गरम?"

"कोमट. चाळीसवर ठेवलं होतं. का हो?"

"बियाणं होतं त्यात," त्या म्हणाल्या. "सगळं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोष्ट अशी होती. बियाणं डब्यात ठेवलं तर त्याला बुरशी यायची. कागदात ठेवलं तर उंदीर खायचे. मग सासूबाईंनी शिवणाऱ्या बाईला सुचेल तेच केलं. सासऱ्यांच्या कोटाच्या काठात आतून लहान लहान खिसे केले, प्रत्येकात एकेका भाजीचं बी घातलं आणि वरून वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवून टाकलं. लाल दोरा टोमॅटोचा, हिरवा पालकाचा, जांभळा वांग्याचा, पांढरा मुळ्याचा, तपकिरी घेवड्याचा. कोट खुंटीला कोरडा राहायचा, वारा लागायचा, उंदीर तिथवर चढायचे नाहीत. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण शहाणा माणूस त्या कोटाला हात लावील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

कोट इंचभर आखडलाही होता. ते मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही. दोन दिवसांनी मीच मोजून पाहिलं.

त्या कापायच्या टेबलापाशी बसल्या. अर्ध्या ब्लेडने एकेक खिसा उसवला. टोमॅटो, पालक, मुळा, वांगी यांचं त्यांना काही वाटलं नाही. "हे बाजारात मिळतं," म्हणून ताटली बाजूला सारली. तपकिरी दोरा उसवताना मात्र त्यांचा हात हळू झाला. आतले दाणे पाण्याने टच्च फुगले होते. काहींची सालं फाटली होती, काही बोट लावताच पिचत होते. एकूण एक्केचाळीस. त्यातले बावीस त्यांनी निवडून वेगळे केले.

"हे परत वाळवून ठेवता येणार नाहीत?" मी विचारलं.

"एकदा भिजलं ते भिजलं. आता रुजवायचं, नाहीतर फेकायचं."

"मग रुजवू या."

"बाहेर हात लावून बघा जमिनीला. घेवडा या थंडीत कुजतो. अजून महिना आहे त्याला." मग उठल्या आणि साबण जाईपर्यंत सात वेळा स्वच्छ पाण्याने ते धुतले.

रुजवण्याची जागा त्यांनी शोधली ती इस्त्रीच्या टेबलाची. टेबलाखाली फळी आहे. दिवसभर इस्त्री चालते, टेबलावर अंथरलेली घोंगडी तापते, त्याची ऊब खाली उतरते. ओल्या कापसात दाणे ठेवून ती ताटली त्यांनी फळीवर ठेवली. दर तासाला फळीला हाताची मागची बाजू लावून बघायच्या, जसं लेकराचं कपाळ बघतात. ऊब कमी वाटली तर आधीच इस्त्री केलेले गणवेश परत इस्त्री करायच्या. त्या आठवड्यात आमच्या शाळेची मुलं फार कडक दिसत होती.

मी गुपचूप गल्लीभर फिरलो. दरवर्षी त्या सगळ्यांना घेवडा देत, तेव्हा कुणाकडे तरी एखादी वाळलेली शेंग असणारच असं मला वाटलं. शेजारचे निवृत्त पोस्टमन डोकं खाजवत म्हणाले, "आम्ही खाल्ला हो. ठेवायचा कशाला? त्या देतातच ना दरवर्षी." बेकरीवाल्याने हेच सांगितलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने हेच. पंचवीस वर्षं पाच घरांनी घेवडा खाल्ला आणि दाणा राखला तो एकट्या टेपबाईंनी. बियाणं विकणाऱ्या तीन दुकानांत मी पिचलेला दाणा घेऊन गेलो. तिघांनीही तो उलटसुलट करून परत दिला.

घरी आलो तर सासूबाई परसबागेत कुदळ घेऊन उभ्या होत्या.

"कुठे कुठे हिंडून आलात?" त्यांनी विचारलं.

"गल्लीभर. दाणा कुणाकडेच नाही."

"मी विचारलंच नसतं कुणाला," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली. "भिंतीकडचा वाफा आधी. तिथे ऊन जास्त वेळ असतं. दाणे रुजले तर त्यांना जागा तयार पाहिजे."

मी जोरात सुरुवात केली. एवढं मोठं पाप डोक्यावर, घाव काही कमी पडत नव्हते. पंधरा मिनिटांत अर्धा वाफा खणून मी घाम पुसला. त्यांनी गळ्यातली टेप काढली, मोजलं आणि म्हणाल्या, "बुजवा."

"का?"

"मापाच्या आधी कात्री लावलीत. वाट कुठून जाणार? माझा हात वाफ्याच्या मध्यापर्यंत पोचायला नको?"

मी बुजवलं. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दोरीला शिवणाचा खडू लावला आणि टिचकी मारून मातीवर सरळ पांढरी रेघ उमटवली. वाफा तीन फूट, वाट सव्वा फूट. शिवणीत कापड सोडतात तसं भिंतीपाशी चार बोटं सोडली. मग मी परत खणलं. या वेळी खणताना कुदळीला काहीतरी लागलं म्हणून वाकलो, तर निळी गुंडी. पुढे आणखी एक, मग हूक, मग अंगठीएवढं बक्कल.

ती माती त्यांनी केलेली आहे, हे मला त्या दिवशी समजलं. म्हणजे खरोखरच केलेली. पूर्वी तिथे पडक्या भिंतीचा राडारोडा होता, विटा आणि फुटक्या फरशा. त्यांनी घमेल्याघमेल्याने तो उपसला. मग स्वयंपाकघरातली सालं, रस्त्यावरचा पाला आणि दुकानातली कातरणं खड्ड्यात घालत गेल्या. कातरणं सुतीच हवीत. एखाद्या कापडाची खात्री नसली की त्याचा एक दोरा काडीवर जाळून बघायच्या. राख झाली तर सुती, ते खड्ड्यात. गोळी झाली तर ते बाहेर. गल्लीने घातलेले सदरे आणि झगे सव्वीस वर्षं कुजून ती काळी माती झाली होती. घाईत कापायच्या राहिलेल्या गुंड्या तेवढ्या तशाच उरल्या. मी एवढी पुस्तकं हाताळली, पण एका बाईने रोजच्या कामातून उरलेल्या चिंध्यांची जमीन केल्याचं कुठे वाचलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि माझी आणखीच लाज वाटली.

सहाव्या दिवशीही कापसात काही हललं नाही. चौदा दाणे बुळबुळीत झाले, ते त्यांनी काढून टाकले. आठ उरले. संध्याकाळी मी वाफ्यात खत मिसळत होतो आणि त्या पायरीवर बसून वेलीसाठी सुतळी कापत होत्या.

"हा घेवडा ह्यांनी आणला," त्या एकदम म्हणाल्या. ह्यांनी म्हणजे सासऱ्यांनी. ते ट्रक चालवायचे. "एका गिऱ्हाइकाचा कोट होता, तपकिरी, आत काळी रेघ. त्याला शोभतील अशा सहा मोठ्या गुंड्या आणा म्हटलं मोठ्या बाजारातून. चार दिवसांनी आले आणि मूठ उघडून दाखवली. काय तर घेवड्याचे दाणे. म्हणाले, गुंड्या नाही मिळाल्या, पण रंग बघ, अगदी तसाच आहे."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या.

"मला असा राग आला! दोन दिवस बोलले नाही मी. ते दाणे मागच्या राडारोड्यात भिरकावून दिले. पावसानंतर बघते तर विटांतून तीन वेल वर आलेले. मग काय, उपसायला लागले. वेलाला जागा नको?" त्यांनी सुतळीचं टोक दातांनी तोडलं. "शेंगा आल्या तेव्हा घरी होते. दोन ताटं जेवले. पुढच्या हिवाळ्यात गेले ते रस्त्यावरच गेले. तुमची बायको चार वर्षांची होती."

मी खाली बघून माती कालवत राहिलो. त्यांच्या नवऱ्याने मागे ठेवलेलं आणि वाढत राहिलेलं असं या घरात दोनच होतं, एक मुलगी आणि एक घेवडा. मुलगी मी मागून घेतली होती आणि घेवडा धुऊन टाकला होता.

"आई," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"चुकलं तर आहेच," त्या म्हणाल्या. "ती ढेकळं बारीक करा."

आठव्या दिवशी त्यांनी आणखी एक काम काढलं. दुकानाच्या शोकेसची काच उतरवायला घेतली. त्या काचेवर जाड पिवळ्या अक्षरांत 'लेडीज व जेन्ट्स टेलर' लिहिलेलं आहे, आणि ती काच त्या रोज सकाळी वर्तमानपत्राने पुसत. ती विटांवर आडवी ठेवून तिच्याखाली वाफा गरम ठेवायचा, असा त्यांचा बेत होता. बायको कामावरून आली ती बघतच राहिली.

"आई, दुकानाची पाटी कशी काढलीस? लोकांना कळणार कसं?"

"चाळीस वर्षांत ज्याला कळलं नाही, त्याला पाटीने काय कळणार?"

"आणि रुजलंच नाही तर?" हे मी विचारलं.

"तर तिथे मुळा टाकू," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी वाचनालयात निघालो होतो. त्या इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जरा खाली बघा. माझा चष्मा वर राहिलाय."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांच्याने बघवत नव्हतं, एवढंच.

मी गुडघ्यावर बसलो आणि कापूस उचलला. एका दाण्याची रेघारेघांची साल फाटून आतून पांढरं, वाकडं टोक बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. त्याच्या शेजारचाही फुगून फाटत होता.

"आलं," मी म्हणालो.

"किती?"

"एक. दोन. दोन आहेत."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसल्या. टेपेचं एक टोक हातात धरून ते गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. मी त्या दिवशी वाचनालयात तासभर उशिरा गेलो आणि कारण विचारल्यावर खरं तेच सांगितलं.

आठांपैकी पाच रुजले. कुंड्या त्यांनी कागदाच्या केल्या, कापड बेतायच्या जुन्या खाकी कागदांच्या. त्यामुळे एक रोप पोस्टमनच्या बाहीत होतं, एक बेकरीवाल्याच्या पाठीत, एक न्हाव्याच्या कॉलरमध्ये. प्रत्येकावर पेन्सिलीने ज्याचं त्याचं माप लिहिलेलं. तीन आठवड्यांनी, ऊन जरा चढल्यावर, कागदासकट ती रोपं आम्ही भिंतीकडच्या वाफ्यात लावली. चार त्यांनी लावली. पाचवं माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला, तर म्हणाल्या, "खणलंय तुम्ही. लावा." दुपारी काचेवरच्या अक्षरांची सावली त्या पाच रोपांवर पडायची. बायको कामावरून आली की आधी मागे जाऊन ती बघून यायची, मग चप्पल काढायची.

त्या वर्षी वेल भिंतीच्या वर गेले. शेंगा लटकल्या, आणि त्यांनी एकही शेंग तोडू दिली नाही. पोस्टमन दोनदा भांडं घेऊन आले आणि दोनदा तसेच परत गेले. "यंदा नाही," एवढंच त्या म्हणायच्या. सगळ्या शेंगा वेलावरच वाळल्या. सोलून मोजले तर तीनशे बारा दाणे. मोजताना त्यांनी मला दोनदा मोजायला लावलं आणि दोन्ही वेळा स्वतः मोजून खात्री केली.

मग हिवाळा आला, आणि गल्लीतले कोट दुरुस्तीला यायला लागले. अस्तर फाटलेलं, गुंडी तुटलेली, बाही आखूड करायची. जो कोट गेला त्याच्या काठात दहा दाणे तपकिरी दोऱ्याने शिवून गेले. पोस्टमनना त्यांनी बजावलं, "हे खायचे नाहीत. थंडी सरली की माझ्याकडे या, माती कशी करायची ते दाखवते." एका कोटावर भरवसा ठेवून बसणं चूक होतं, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. आज पाचही घरांमागे वाफे आहेत. सगळे तीन फुटी, सगळ्या वाटा सव्वा फुटी.

सासऱ्यांचा आखडलेला कोट त्यांनी पुन्हा खुंटीला लावला, रिकामाच. बियाण्याचे खिसे आता कुठे केलेत, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एका सकाळी मी निघताना माझा लग्नातला कोट अंगात घातला, तर डावी बाजू भारी लागली. बोटांनी चाचपलं. खांद्याच्या आत, कापसाच्या दोन थरांमध्ये, एकेक दाणा आपापल्या घरात शिवलेला होता. वाजत नव्हता, टोचत नव्हता.

सासूबाई मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला, मान तिरकी करून माझे दोन्ही खांदे नजरेने मोजले, आणि म्हणाल्या, "चालेल."

पाच वर्षं झाली. या कोटाला मी पाणी लागू दिलेलं नाही. वाचनालयात लोक माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसतात, पण खांदे दोन्ही सारखे दिसतात.